मनाचे शास्त्र आणि नामाची साधना : प्रा. रामचंद्र दत्तात्रेय रानडे यांचा जीवनक्रम

मठाचा स्मरणग्रंथ म्हटला की त्यात आचार्यपरंपरा, उत्सव, अन्नछत्र, जीर्णोद्धार यांचे वृत्तांत यावेत, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. विद्यापीठातील एका अध्यापकाचे चरित्र अशा ग्रंथात कशासाठी, असा प्रश्न एखाद्या भाविकाच्या मनात आल्यास त्यात नवल नाही. परंतु ज्या प्रश्नाने गेल्या शंभर वर्षांत शिकलेल्या भाविकाला सर्वांत अधिक अस्वस्थ केले, त्या प्रश्नाचे उत्तर एका अध्यापकानेच आपल्या उभ्या आयुष्याने देण्याचा यत्न केला, हेही तितकेच खरे. प्रश्न असा : संतांनी जो प्रकाश पाहिला, जो नाद ऐकला, तो मनाचाच खेळ होता काय? मनाचे शास्त्र शिकवणारा मनुष्य नामाच्या आसनावर बसू शकतो काय; आणि बसलाच, तर त्याने त्या दोहोंपैकी कोणाशी प्रतारणा केली?

ज्यांच्या संबंधाने हा विचार करावयाचा ते प्रा. रामचंद्र दत्तात्रेय रानडे, भक्तांचे गुरुदेव रानडे, हे मराठी आणि कन्नड या दोन भाषांच्या सीमेवरचेच. त्यांची जन्मभूमी जमखंडी, गुरुस्थान उमदी व इंचगेरी, निवासस्थान निंबाळ. यांपैकी उमदी आज महाराष्ट्राच्या सांगली जिल्ह्यात, तर जमखंडी, इंचगेरी व निंबाळ कर्नाटकात आहेत. पूर्वीचा सुपे तालुका म्हणजे आताचा जोयडा; त्यातील गुंदसारख्या सह्याद्रीच्या माथ्यावरील गावाला ही स्थिती समजावून सांगण्याची गरज नाही. उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईकडून म्हैसूर राज्यात गेला. विजापूर जिल्हाही त्याच दिवशी त्याच राज्यात गेला. माणसे होती तेथेच राहिली, सीमा मात्र हलली. घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि देवळात दोन्ही, अशी ज्यांची रीत आहे त्यांना निंबाळचे वातावरण परके वाटणार नाही.

रानडे यांचा जन्म ३ जुलै १८८६ रोजी जमखंडी येथे झाला. जमखंडी हे तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते. तेथील परशुरामभाऊ हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले. १९०२ साली ते मॅट्रिकच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले आणि संस्कृतातील प्रावीण्याबद्दलची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. त्या काळी ही शिष्यवृत्ती म्हणजे सबंध इलाख्यात नाव होणे. पण त्यांच्या आयुष्याची दिशा ठरवणारी घटना त्याच्या आदल्या वर्षी, १९०१ साली, होऊन गेली होती. पंधरा वर्षांच्या या विद्यार्थ्याला उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून नाम मिळाले होते.

भाऊसाहेब महाराज (१८४३–१९१४) हे निंबर्गी महाराजांचे शिष्य. निंबर्गी महाराजांची परंपरा कोल्हापूरजवळच्या सिद्धगिरीच्या, म्हणजे कणेरीच्या काडसिद्धेश्वरांपर्यंत जाते. लिंगायत गुरूचा ब्राह्मण शिष्य, कन्नड वचने आणि मराठी अभंग एकाच भजनात, रोजच्या वाचनात समर्थांचा दासबोध, असे या संप्रदायाचे स्वरूप आहे. इंचगेरी येथे भाऊसाहेबांनी मठ स्थापिला. दिवसातून तीनदा भजन आणि त्याखेरीज नामस्मरणाची नेमाची बैठक, एवढीच तेथील साधना. तिच्यात गूढ विधी नाहीत, अवघड आसने नाहीत. आहे तो केवळ वेळेचा काटेकोर हिशेब. पुढे विद्यापीठाच्या वेळापत्रकाशी ज्याला आयुष्यभर जमवून घ्यावयाचे होते, त्याला हा नेम कसा पाळता आला असेल, याची कल्पना नोकरी करून नेम सांभाळणाऱ्या वाचकांनाच नीट येईल.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांचे उच्च शिक्षण झाले. मध्यंतरी प्रकृतीने दगा दिला. दीर्घ आजाराने अभ्यास खंडित झाला आणि एम. ए. होण्यास १९१४ साल उजाडले. तेव्हा मात्र तत्त्वज्ञान विषयात पहिले येऊन त्यांनी कुलपतींचे सुवर्णपदक मिळविले. त्याच वर्षी ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या सेवेत दाखल झाले आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. पुढे सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजातही त्यांनी अध्यापन केले. आणि याच १९१४ साली भाऊसाहेब महाराजांनी देह ठेवला. ज्या वर्षी विद्येचा अधिकार हाती आला त्याच वर्षी गुरूचा देह दृष्टीआड झाला.

येथे त्या काळच्या अभ्यासक्रमाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण त्यावाचून पुढील विचार उमगणार नाही. मुंबई विद्यापीठात मानसशास्त्र हा तेव्हा स्वतंत्र विषय नव्हता. तर्कशास्त्र, नीतिशास्त्र आणि मानसशास्त्र ही तिन्ही तत्त्वज्ञानाच्याच छत्राखाली नांदत, आणि तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाला तिन्हींची वाट माहीत असावी लागे. मानसशास्त्राचा वेगळा विभाग आपल्या देशात प्रथम कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली निघाला. म्हैसूरला तो १९२४ साली निघाला. तेथील प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी हे लंडनला स्पिअरमन यांच्या हाताखाली शिकून आलेले होते आणि पुढे ते महाराजा कॉलेजचे प्राचार्य झाले. ‘आकाशवाणी’ हा शब्द आज घरोघरी रुळलेला आहे. तो याच मानसशास्त्रज्ञाने १९३५ साली म्हैसूरला आपल्या घरी चालविलेल्या ध्वनिक्षेपण केंद्राचे नाव होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मनाच्या शास्त्राचा अध्यापक पुढे विद्यासंस्थेचा प्रमुख होतो, ही वाट पाश्चात्य देशांत त्याहूनही आधी पडली होती. अमेरिकेत मानसशास्त्रातील पहिली डॉक्टरेट मिळविणारे स्टॅन्ली हॉल हे १८८९ साली सुरू झालेल्या क्लार्क विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले, आणि त्यांनीच १९०९ साली फ्रॉइडला तेथे व्याख्यानांसाठी पाचारण केले. हॉल यांचे गुरू विल्यम जेम्स यांनी १९०१-०२ मध्ये एडिंबरोला दिलेली गिफर्ड व्याख्याने १९०२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. धर्मानुभवाचे नानाविध प्रकार हा त्या ग्रंथाचा विषय. जेम्स यांनी साधकांच्या, संतांच्या, प्रसंगी वेड्या ठरलेल्यांच्याही लेखी आठवणी गोळा केल्या आणि एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाने-फुले मांडावीत तशा त्या मांडल्या. गूढानुभव वर्णन करता येत नाही. तो काही ज्ञान देऊन जातो. तो फार वेळ टिकत नाही. आणि तो येताना माणूस कर्ता नसून ग्राहक असतो, अशी चार लक्षणे त्यांनी सांगितली. पुण्यात, सांगलीत तत्त्वज्ञान शिकणाऱ्या तरुणांच्या हाती हे विचार आले तेव्हा त्यांच्यापुढे मोठा पेच उभा राहिला. तुकोबांच्या अनुभवाला आता ‘प्रकार’ म्हणावयाचे काय? घरी आजी हरिपाठ म्हणते आणि वर्गात त्याचे कारण मज्जातंतूंत शोधले जाते, यांतले खरे कोणते?

रानडे यांनी या पेचाला बगल दिली नाही. त्यांचा आरंभ ग्रीक तत्त्वज्ञानापासून झाला, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. हेराक्लिटसवरील त्यांचा निबंध श्रीअरविंदांच्या वाचनात आला आणि त्याच निमित्ताने श्रीअरविंदांनी ‘आर्य’ मासिकात त्या ग्रीक तत्त्वज्ञावर स्वतंत्र लेखमाला लिहिली. तिशीतल्या एका महाराष्ट्रीय प्राध्यापकाच्या लेखणीने पाँडेचरीतील त्या थोर पुरुषास लिहावयास प्रवृत्त करावे, ही गोष्ट लहान नव्हे. ज्याला युरोपचे तत्त्वज्ञान मुळातून ठाऊक आहे असा मनुष्य उपनिषदांकडे वळला म्हणजे तो केवळ अभिमानाने बोलत नाही, प्रमाणाने बोलतो. पुढच्या ग्रंथातही तेच दिसून आले.

हा ग्रंथ म्हणजे उपनिषदांतील तत्त्वज्ञानाचे विधायक समालोचन. तो १९२६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. सात प्रकरणांच्या या ग्रंथाचे तिसरे प्रकरण मानसशास्त्रीय विचारांच्या विविध प्रकारांना वाहिलेले आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सबंध ग्रंथाचे मर्म तेथेच सापडते. अनुभवावर उभारलेले मानसशास्त्र, असामान्य मनोवस्थांचे मानसशास्त्र आणि आत्म्यासंबंधीचे मानसशास्त्र असे तीन भाग पाडून रानडे यांनी उपनिषदांतील उतारे वेचले. ऋषींना मनाचा विचार ठाऊकच नव्हता असे म्हणणारे आणि आधुनिक शास्त्राचे सगळे शोध ऋषींनी आधीच लावले असे म्हणणारे, दोन्ही पक्ष त्या काळी जोरात होते. रानडे यांनी दोघांनाही दूर ठेवले.

एक उदाहरण पाहावे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आपला पुत्र श्वेतकेतू याला सांगतो की मन अन्नमय आहे. पुत्राला ते पटावे म्हणून तो केवळ वचन देऊन थांबत नाही. पंधरा दिवस अन्न घेऊ नकोस, पाणी मात्र पी, असे तो त्याला सांगतो. पंधरा दिवसांनी श्वेतकेतू येतो तेव्हा बारा वर्षे घोकलेले ऋक्, यजुस्, साम यांपैकी काहीच त्याला आठवत नाही. मग बाप म्हणतो, जा, जेवून ये. जेवल्यावर विचारलेले सर्व त्याला सांगता येते. मोठा अग्नी विझून काजव्याएवढा निखारा उरावा आणि त्यावर गवत घालताच तो पुन्हा पेटावा, असा दृष्टांत बापाने दिला आहे. एकादशीचा उपास करणाऱ्याला या कथेतील विनोदही जाणवेल. पण कथा विनोदासाठी सांगितलेली नाही. हा एक प्रयोग आहे. त्यात आधी सिद्धान्त मांडला आहे, मग परिस्थिती बदलली आहे, मग परिणाम पाहिला आहे आणि शेवटी परिस्थिती पूर्ववत करून परिणाम उलटतो की नाही तेही तपासले आहे. मनाचा आहाराशी असलेला संबंध दाखविणारा विचार म्हणून रानडे यांनी त्याची नोंद घेतली.

निद्रेच्या बाबतीतही तेच. थकलेला ससाणा पंख मिटून घरट्याकडे वळतो, तसा जीव श्रमाने निद्रेकडे वळतो, हे एक मत. दोरीने बांधलेला पक्षी दिशादिशांना उडून अखेर बांधल्या ठिकाणीच येतो, तसे मन प्राणाचा आश्रय घेते, हे दुसरे. हृदयातून निघणाऱ्या सूक्ष्म नाड्यांतून जीव पुरीततीत जाऊन निजतो, हे तिसरे. गाढ निद्रेत जीव सत्याशीच एकरूप होतो, हे चौथे. एकाच उपनिषत्संग्रहात इतकी मते असावीत, याचा अर्थ ऋषी चुकत-माकत शोधत होते, असा रानडे यांनी घेतला. पतंचल काप्याच्या मुलीला गंधर्वाने झपाटल्याची बृहदारण्यकातील हकीकतही त्यांनी असामान्य मनोवस्थांच्या भागात घेतली. लाजेने झाकून ठेवली नाही आणि चमत्कार म्हणून मिरविलीही नाही. वेदवचनाकडे शोधकाच्या नजरेने पाहणे हे काही भाविकांना धाडसाचे वाटले असल्यास त्यांना दोष देता येत नाही. तथापि ग्रंथाचा शेवट जेथे होतो ते सातवे प्रकरण आत्मसाक्षात्काराच्या खुणांचे आहे. तिसऱ्या प्रकरणावाचून सातवे लिहिले असते तर ते केवळ भक्तीचे भाषण झाले असते. सातव्यावाचून तिसरे लिहिले असते तर ती वर्गातली टिपणे झाली असती.

आता नोकरीकडे वळावे. प्रकृतीच्या कारणाने रानडे यांनी १९२४ साली पुण्याची सेवा सोडली आणि ते निंबाळला येऊन राहिले. निंबाळ हे सोलापूर–विजापूर लोहमार्गावरचे एक लहानसे स्थानक. भोवती ज्वारीची काळी राने, उन्हाळ्यात डोळे दिपविणारा प्रकाश आणि दिवसाकाठी येणाऱ्या-जाणाऱ्या मोजक्या गाड्या. पुण्यासारखे विद्येचे माहेरघर सोडून ऐन उमेदीतल्या विद्वानाने असल्या आडगावी जावे, हे अनेकांना विद्वत्तेचा अंतच वाटले असेल. वस्तुस्थिती उलट आहे. त्यांचे बहुतेक मोठे ग्रंथ निंबाळ हे घर झाल्यानंतरचे आहेत. इंचगेरी तेथून दूर नाही. भाऊसाहेबांच्या पश्चात परंपरा सांभाळणाऱ्या अंबुराव महाराजांचा सहवास त्यांना लाभला. अंबुराव महाराज हे विद्यापीठाची पायरीही न चढलेले पुरुष. त्यांच्यापुढे सुवर्णपदकाचा मानकरी शिष्याच्या नात्याने बसे. १९३३ साली अंबुराव महाराज निवर्तल्यावर साधकांची दृष्टी साहजिकच रानडे यांच्याकडे वळली.

तोवर ते अलाहाबादला गेलेले होते. १९२७ साली अलाहाबाद विद्यापीठाने त्यांना तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख म्हणून नेमले. संस्कृत दर्शनांचे थोर पंडित डॉ. गंगानाथ झा हे तेव्हा तेथे कुलगुरू होते. पुढील सुमारे दोन दशके रानडे तेथे राहिले. विभागप्रमुख, कलाशाखेचे अधिष्ठाते आणि काही काळ कुलगुरूपदाचे काम, अशी ती चढती श्रेणी आहे. १९४६ साली ते निवृत्त झाले. सुट्ट्या लागल्या की निंबाळ आणि सुट्ट्या संपल्या की अलाहाबाद, असा तो क्रम. आगगाडीच्या त्या काळच्या प्रवासात हे अंतर काही थोडे नव्हते आणि प्रवास करणारा मनुष्य कृश व अशक्त होता. भक्तांच्या आठवणींत त्यांच्या अत्यल्प आहाराचा आणि नाजूक देहयष्टीचा उल्लेख वारंवार येतो. श्वेतकेतूच्या प्रयोगाची चर्चा ज्या लेखणीने केली ती इतक्या थोड्या अन्नावर चालत होती, ही गोष्ट गमतीची म्हणावी की विचार करण्याजोगी, हे वाचकांनीच ठरवावे.

कुलगुरूपद हे विद्वानाच्या आयुष्यातले शिखर मानण्याची आपली रीत आहे. जीवनचरित्रांच्या मथळ्यांत ते पद आधी येते, ग्रंथ मागाहून. रानडे यांच्या बाबतीत या रीतीचा उपयोग होत नाही. विद्यापीठाच्या कारभाराची कागदपत्रे कोणी चाळली तर त्यांत त्यांचे नाव सापडेल; परंतु त्यांच्या आयुष्याचा अर्थ तेथे सापडणार नाही. अधिकाराचे आसन त्यांनी टाळले नाही आणि धरूनही ठेवले नाही. याच्याशी तुलना करण्याजोगे दुसरे उदाहरण महाराष्ट्रात आहे ते प्राचार्य शंकर वामन तथा सोनोपंत दांडेकर (१८९६–१९६८) यांचे. तेही तत्त्वज्ञानाचे अध्यापक होते, पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि विष्णुबुवा जोगांच्या शिष्यपरंपरेतील वारकरी म्हणून कीर्तनाला उभे राहिले. सोनोपंतांनी महाविद्यालय आणि वारी दोन्ही एकाच शहरातून सांभाळली. त्यांचे वर्गातले विद्यार्थी आणि कीर्तनातले श्रोते पुष्कळदा तेच असत. रानडे यांची दोन जगे मात्र शेकडो मैलांनी विभागलेली होती. अलाहाबादच्या सहकाऱ्यांपैकी किती जणांना निंबाळची बैठक ठाऊक होती आणि निंबाळला भजनाला येणाऱ्या शेतकऱ्यांपैकी किती जणांना विद्यापीठ म्हणजे काय हे कळत होते, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

अलाहाबादच्या वास्तव्याने एक मोठा लाभ झाला. तेथे कबीर, सूरदास, तुलसीदास यांची वाणी त्यांच्या कानांवर रोज पडू लागली. मराठी संतांचे वचनामृत तर त्यांनी आधीच संकलित केले होते. ज्ञानेश्वर, एकनाथ, तुकाराम, रामदास यांच्या निवडक वचनांचे ते संग्रह आजही अनेक घरांत नित्यपाठात आहेत. १९३३ साली महाराष्ट्रातील साक्षात्कारी संतांवरचा त्यांचा बृहद्ग्रंथ इंग्रजीत निघाला. डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि रानडे यांनी मिळून भारतीय तत्त्वज्ञानाचा अनेक खंडांचा इतिहास योजिला होता, त्यातील हा सातवा खंड होय. ज्ञानेश्वरांच्या युगाला त्यांनी बुद्धिप्रधान, नामदेवांच्या युगाला लोकसत्ताक, एकनाथांच्या युगाला समन्वयात्मक, तुकारामांच्या युगाला व्यक्तिनिष्ठ आणि रामदासांच्या युगाला कर्मप्रधान अशी विशेषणे दिली. ही नावे फारच सुबक आहेत, असा आक्षेप घेता येईल. ज्ञानदेवांच्या विरहिणींना बुद्धिप्रधान म्हणणे कोणालाही जड जाईल. पण तुकाराम महाराजांच्या प्रकरणात रानडे यांच्यातला मानसशास्त्रज्ञ पूर्णपणे जागा झालेला दिसतो. देव भेटत नाही म्हणून तळमळणारे, स्वतःचे दोष उगाळणारे, जगण्याचा वीट आलेले अभंग त्यांनी आधी एकत्र आणले, आणि मग तृप्तीचे, दर्शनाचे अभंग ठेवले. ख्रिस्ती संतांनी जिला आत्म्याची काळोखी रात्र म्हटले, तीच अवस्था देहूला इंद्रायणीकाठी कशी अनुभवाला आली हे त्यांनी दाखविले. तुकोबांचे दुःख हा रोग नव्हता आणि अलंकारही नव्हता. ती वाटेवरची एक अवस्था होती, आणि ती येऊन गेल्याशिवाय पुढची येत नाही. साधनेत कोरडे दिवस आले म्हणून हताश होणाऱ्या कोणाही नेमकऱ्यास हे प्रकरण वाचून धीर आल्याशिवाय राहणार नाही.

जेम्स यांच्याशी रानडे यांचे अंतर येथेच स्पष्ट होते. जेम्स यांना गूढानुभव क्षणिक दिसला, कारण त्यांच्यापुढे बहुधा एकेका प्रसंगाची टिपणे होती. रानडे यांच्यापुढे उभी आयुष्ये होती. एका संध्याकाळी दिसलेल्या प्रकाशाबद्दल त्यांना फारसे सांगावयाचे नव्हते. तो प्रकाश पाहून माणूस पुढची तीस वर्षे कसा वागला, हे त्यांना महत्त्वाचे वाटे. अनुभव खरा की खोटा याच्या कसोट्या त्यांनी याच रीतीने लावल्या. साक्षात्कार बुद्धी, भावना आणि इच्छा यांना मारून येत नाही. तो त्यांच्यातून आरपार जातो. जो अनुभव बुद्धीला लुळी करतो किंवा नीतीला सैल करतो त्याच्याविषयी शंका घ्यावी. देश, काळ, जात, भाषा यांनी एकमेकांपासून तोडलेल्या माणसांनी त्याच खुणा सांगाव्यात, ही सार्वत्रिकता म्हणजे त्या अनुभवाच्या सत्यतेचे मोठे गमक होय. रूप, रंग, प्रकाश, नाद अशी संतांच्या अनुभवांची वर्गवारी त्यांनी केली ती नवल म्हणून नव्हे, तर साक्षीदारांचे जबाब ताडून पाहावेत तशी. चिकित्सेला श्रद्धेचा शत्रू समजणाऱ्या भाविकांनी हे पाहण्यासारखे आहे की येथे चिकित्सेची पहिली मागणी खुद्द साधकाकडूनच झाली.

या विवेचनात एक दुबळी बाजू आहे, ती झाकण्याचे कारण नाही. सर्वांच्या खुणा एकच, असे म्हणताना खुणा वेचणाराही एकच असतो. वेचणाऱ्याच्या मनात आधीच एक क्रम असेल, तर वचने त्या क्रमात चपखल बसणारच. रानडे यांच्या टीकाकारांनी हा मुद्दा काढला तर तो अगदीच टाकाऊ नाही. यावर रानडे यांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की ज्या क्रमाविषयी ते लिहीत होते त्यावरून ते स्वतः चालत होते. नकाशा काढणारा वाटसरूही होता.

या क्रमाचे सर्वांत स्पष्ट रूप त्यांच्या उत्तरवयातील ग्रंथांत दिसते. हिंदी संतवाङ्मयातून ईश्वराकडे जाणारा मार्ग दाखविणारा ग्रंथ १९५४ साली आला. त्यात कवींचा कालानुक्रम नाही. मनुष्य परमार्थाकडे वळतो ती कारणे, नैतिक तयारीची गरज, देव आणि संत यांचे नाते, यात्रेचा आरंभ आणि सर्वोच्च चढण, अशा पायऱ्यांनी पदे लावली आहेत. कबीर कोठेही येतील, सूरदास कोठेही येतील; मनाची पायरी कोणती एवढाच प्रश्न. इतिहासकाराला ही मांडणी खटकेल, साधकाला ती हवीशी वाटेल. कन्नड संतांवरचा त्याच जातीचा ग्रंथ त्यांच्या पश्चात १९६० साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात बसवेश्वर, पुरंदरदास, कनकदास या वेगवेगळ्या पंथांच्या पुरुषांची वचने शेजारीशेजारी आली. वीरशैव आणि हरिदास यांना एका पायरीवर बसविणे ही कर्नाटकात सहज घडणारी गोष्ट नव्हे. गुंदच्याच तालुक्यात उळवी येथे चन्नबसवण्णांची समाधी आहे. तेथे जत्रेला जाणारा आणि पंढरीला जाणारा एकाच वाटेवर भेटतात, हे या भागातल्या लोकांना ग्रंथ न वाचताही ठाऊक असते. रानडे यांनी त्या ओळखीला पुराव्यांची जोड दिली.

निवृत्तीनंतर निंबाळ हेच त्यांचे पूर्णवेळ वास्तव्य झाले. येणाऱ्यांत वकील, न्यायाधीश, प्राध्यापक होते, तसे नांगर सोडून आलेले शेतकरीही होते. ग्रंथवाचन चाले, संतांच्या पदांवर चर्चा चाले, पण ती सर्व नामाच्या बैठकीभोवती. परंपरेचे श्रेय ते आपल्या गुरूंकडे देत आणि स्वतःकडे सेवकाचे काम घेत. पुण्यास आणि पुढे बेळगावास तत्त्वज्ञान व धर्म यांच्या तौलनिक अभ्यासासाठी जी संस्था उभी राहिली, तिच्यामागे हीच दृष्टी होती. बेळगावच्या हिंदवाडीतील गुरुदेव रानडे मंदिर हे तिचे स्थान. देवाचे नाव घेणारी वास्तू आणि ग्रंथालय एकाच छपराखाली, हा तिचा विशेष. पुणे विद्यापीठातील मराठीचे नामवंत संशोधक डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी रानडे यांचे मराठी चरित्र लिहिले. जुन्या मराठीच्या शिलालेखांचा कठोर अभ्यासक अशी ज्यांची ख्याती, त्यांच्यासारख्याने गुरुचरित्र लिहावे, यावरून निंबाळला कोणत्या प्रकारची माणसे ओढली जात होती हे दिसून येते.

६ जून १९५७ रोजी निंबाळ येथेच रानडे यांनी देह ठेवला. समाधी तेथेच आहे. मागे राहिलेल्या कामाचा हिशेब केला तर मन थोडे खिन्न होते. बेलवलकरांसह योजिलेल्या त्या विशाल इतिहासापैकी १९२७ साली निघालेला दुसरा खंड आणि १९३३ चा सातवा एवढेच प्रकाशात आले. बाकीचे खंड योजनेतच राहिले. कलकत्ता विद्यापीठात त्यांनी वेदान्तावर दिलेली व्याख्याने ग्रंथरूपात यावयास १९७० साल उजाडले, आणि गीतेवरचा ग्रंथही त्यांच्या निधनानंतर, १९५९ साली, वाचकांच्या हाती पडला. कुलगुरूपदाच्या कामात, प्रवासात, दुखण्यात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या शंकांत ते खंड गेले, असे कोणी म्हणेल. रोजच्या तीन बैठकांत गेले, असेही कोणी म्हणेल. अभ्यासकांच्या जगाने सोसलेले हे नुकसान निंबाळच्या भक्तांना नुकसान वाटत नाही, आणि या दोन हिशेबांचा मेळ अद्याप कोणी घातलेला नाही.

निंबाळचे स्थानक आजही त्याच लोहमार्गावर आहे. उतरणाऱ्यांपैकी काही जण सरळ गावाकडे जातात, आणि काही आश्रमाकडे वळतात.